पाण्यातली पेरणी

आमच्या केज तालुक्यातल्या नांदूरघाटाकडे खोली मोजायचं माप म्हणजे बोअर. पाहुण्याला पाणी दिलं, ख्यालीखुशाली झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "बोअर घेतला म्हणं औंदा, किती फुटाला लागला?" कुणी चारशे सांगतो, कुणी सहाशे. कुणी आठशे फूट गेलेला असतो आणि नुसता धुरळा निघालेला असतो. तो आकडा मात्र सगळ्यांत ठासून सांगितला जातो. जुनी माणसं विहीर परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, मोजायची. आता फुटांशिवाय खोली कळत नाही.

म्हणून नॉर्वेतल्या म्योसा सरोवराची खोली वाचली तेव्हा मी आधी मीटरचे फूट केले. ४५३ मीटर, म्हणजे १,४८६ फूट. आमच्याकडचे दोन कोरडे बोअर एकाखाली एक ठेवावेत एवढी खोली, आणि वरपासून खालपर्यंत नुसतं पाणी. तेही गोडं. या सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम १२३ मीटर उंच. वजाबाकी करा: तळ समुद्रसपाटीच्या ३३० मीटर खाली गेला! चारही बाजूंनी जमीन, आत गोडं पाणी, आणि त्याचा तळ समुद्राच्या पातळीच्याही खाली. हा हिशेब मी दोनदा ताडून पाहिला.

आता शेजारी आपलं पाणी ठेवून बघू. मराठवाड्यात थोरलं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. पूर्ण भरला की साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरतो. म्योसाचा पसाराही ३६५ चौरस किलोमीटरच्या आसपास. वरून पाहिलं तर दोघं भाऊ-भाऊ वाटावेत. पण नाथसागरात काठोकाठ मावतं २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी, आणि म्योसात सुमारे ५६,०००. सरासरी काढली तर नाथसागरात आठ-साडेआठ मीटर पाणी, म्योसात दीडशे मीटर. एक परात, दुसरा रांजण.

आणि आमची मांजरा? पेपरात रोज जे 'दलघमी' (दशलक्ष घनमीटर) छापून येतं त्याच मापात सांगायचं तर धनेगावच्या मांजरा धरणाची एकूण क्षमता २२४ दलघमी. म्योसा भरायला अशी अडीचशे धरणं रिती करावी लागतील.

हा फरक पावसाचा नाही, कारागिराचा आहे. उत्तर युरोपवर हजारो वर्षं किलोमीटर-किलोमीटर जाडीचा बर्फ बसून होता. तो नुसता बसत नव्हता, सरकत होता, आणि सरकताना पोटाखालच्या दगड-धोंड्यांनी दऱ्या खरवडत होता. बर्फ वितळला तेव्हा त्या खरवडलेल्या घळ्यांत पाणी राहिलं. आपल्या दख्खनवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थरावर थर थिजला आणि काळा पाषाण झाला. त्याला खरवडायला बर्फ कधी आलाच नाही. त्यामुळे महाराष्ट्रात निसर्गानं दिलेलं मोठं खोल तळं शोधायला गेलात तर हाती लागतं लोणार. तेही आकाशातून येऊन आदळलेल्या दगडानं केलेलं, आणि इतकं खारट की त्यात मासा टिकत नाही. बाकी आपली तळी, तलाव, सागर सगळे माणसाच्या हातचे. म्हणून आपल्याकडे मासेमारीची गोष्ट माशापासून नाही, भिंतीपासून सुरू होते.

पण आधी रांजणातले मासे पाहू. परातीतली मजा त्याशिवाय कळायची नाही.

रसवंतीच्या ग्लासात बर्फ वर तरंगतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. थंड वस्तू खाली बसायला हवी, हा खडा मात्र वर. कारण पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश तापमानाला. त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं व्हायला लागतं. या एका विक्षिप्तपणावर म्योसाचं सगळं घर उभं आहे. उन्हाळ्यात वरचा थर ऊन खाऊन कोमट होतो आणि हलका होऊन वरच राहतो. खाली चार अंशांच्या आसपासचं जड, काळोखं पाणी शेकडो मीटर तसंच पडून असतं. दोन्ही थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. शरद ऋतूत वरचं पाणी गार होत खालच्या इतकं झालं की वारा सगळं ढवळून काढतो आणि वरचा ताजा प्राणवायू खालपर्यंत जातो. थंड पाण्यात प्राणवायू मावतोही जास्त: चार अंशांना लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम, आपल्या वैशाखातल्या तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणून तिकडचा ट्राउट मासा गार पाण्याचा लोभी. म्योसावर नाव घेऊन निघालेला माणूस खरं तर पाण्याचं तापमान शोधत फिरत असतो. शिशाच्या गोळ्याला दोरी बांधून गळ हवा त्या खोलीवर सोडायचा, नाव चालत्या माणसाच्या वेगानं पुढे न्यायची, आणि लहान रुपेरी माशांच्या थव्यामागे ट्राउट कुठल्या थरात फिरतोय याचा अंदाज बांधत राहायचं. दिवस जातात. हाती येईलच असं नाही.

आला तर मात्र तो मासा म्हणजे एक चरित्र असतं. म्योसाचा नावाजलेला ट्राउट जन्मतो उत्तरेकडून येणाऱ्या लोगेन नदीत. तीन-चार वर्षं नदीत काढतो, मग सरोवरात उतरतो, तिथं आणखी तीन-चार वर्षं खाऊन चांगला चार-पाच किलोचा होतो (दहा किलोच्या पुढचेही सापडतात) आणि अंडी घालायला परत माहेरच्या नदीत चढतो. तिथं १९६० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी धरण झालं, तेव्हा माशांना चढायला पाण्याचा जिना बांधून द्यावा लागला.

तळाशी तर त्याहून अजब प्रकरण. म्योसाच्या खोल काळोखात एक छोटा मासा राहतो, ज्याच्या समुद्रातल्या भावंडांच्या डोक्यावर चार टेंगळं असतात. तो मुळात समुद्रातला. बर्फ वितळत होता तेव्हा समुद्राचं पाणी आतपर्यंत आलेलं होतं. मग डोक्यावरून बर्फाचं ओझं उतरलं, जमीन हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागे हटला आणि हा आत अडकला. पाणी गोडं होत गेलं, तसा तोही गोड्या पाण्याचा झाला. दहा हजार वर्षं झाली, अजून आहे. स्वीडनमधल्या व्हेटर्न सरोवरातही तो आहे. त्या सरोवरात शिरलेल्या थेंबाला बाहेर पडायला सरासरी साठ वर्षं लागतात. आमच्याकडे धरणाचं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरलं तर आम्ही पेढे वाटतो.

आता मांजरेकडे येऊ.

ही नदी आमच्याच जिल्ह्यातली. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ बालाघाटाच्या माथ्यावर ती उगम पावते आणि सव्वासातशे किलोमीटर चालून तेलंगणात गोदावरीला मिळते. केज तालुक्यात धनेगावला तिला अडवलं. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. केज, अंबाजोगाई, कळंब, लातूर या सगळ्यांच्या घशाखाली हेच पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, आणि ते चित्र सगळ्या देशानं पाहिलं. त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरण भरलं, तेही लोकांनी पाहिलं. मला त्या दोन चित्रांच्या मधली गोष्ट छळत राहिली. धरण आटलं म्हणजे मासा संपला. मग भरल्यावर दुसऱ्या वर्षी बाजारात पुन्हा कटला, रोहू दिसले, ते आले कुठून? म्योसातला मासा दहा हजार वर्षं घर धरून बसलाय. आमच्या माशाचं घर तर दर काही वर्षांनी पायाखालून काढून घेतलं जातं.

लहानपणी याचं उत्तर सोपं होतं: मासे पावसात पडतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या डबक्यात बोटभर मासे वळवळताना आम्ही पाहिलेले होते. वरून पडले नाहीत तर आले कसे? ते मुळात गेलेच नव्हते, हे नंतर कळलं. वाम चिखलात घुसून राहते. मरळीची तर वेगळीच तऱ्हा. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक कप्पा असतो, त्यात ती थेट हवा भरून घेते. म्हणून पाणी गढूळ, कोमट, कुबट झालं तरी तिला चालतं. दर थोड्या वेळानं वर येऊन एक घोट हवा घेतली की झालं. उलट तिला वर येऊच दिलं नाही, तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते. बुडून मरणारा मासा! म्योसाच्या गारेगार पाण्यात असल्या कप्प्याची गरज कुणाला पडली असती? हा आमच्या आटणाऱ्या पाण्याचा आविष्कार.

पण मरळ आणि वाम हा चिल्लर हिशेब. धरणातलं भरघोस पीक म्हणजे कटला, रोहू, मृगळ, आणि ते पीकच आहे. ते पेरावं लागतं. शब्दसुद्धा शेतीचे आहेत. अंड्यातून नुकतं निघालेलं ते मत्स्यजिरे, खरंच जिऱ्याएवढं. थोडं वाढलं की मत्स्यबीज. बोटाएवढं झालं की बोटुकली. पावसाळ्यात पाणी वाढलं की बोटुकली आणून धरणात सोडायची. पाणी पाटबंधारे खात्याचं, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून काही वर्षांसाठी मच्छिमार सहकारी संस्थेला मिळतो, आणि पेरणीचा खर्च संस्थेच्या पदरी.

दरवर्षी पेरणी का? धरणात हे मासे पोसतात, वाढतात, पोटात अंडी धरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत. त्यांना पूर लागतो. गढूळ, धावतं, काठावरच्या गवतावर चढणारं नवं पाणी अंगावर आल्याशिवाय त्यांचं शरीर 'आता' म्हणत नाही. एके काळी म्हणून मत्स्यबीज मिळायचं ते पुराच्या नद्यांतूनच. बंगालमध्ये पुरात गोळा केलेलं बीज मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनं दूरदूरच्या प्रांतांत जायचं, आणि वाटेत माणसं हातानं पाणी हलवत बसायची, बीज गुदमरू नये म्हणून. डोळ्यांसमोर आणून बघा: रेल्वेचा डबा, ओळीनं हंड्या, आणि रात्रभर हंडीत हात घालून बसलेला माणूस. ज्या देशात एकदा रेल्वेनं मासे फिरले, तिथंच पुढे लातूरला रेल्वेनं पाणी आलं.

या हंड्यांची गरज संपवली ती हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञानं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथं त्यांनी कार्प कुळातल्या माशाला पूर नसताना प्रजननाला लावलं. दुसऱ्या माशाच्या मेंदूखाली असलेली, मसुराच्या दाण्याहूनही बारकी ग्रंथी काढून तिच्या अर्काची सुई टोचली. माशाच्या अंगाला वाटलं, पूर आला. पुरानं जे सांगायचं ते सुईनं सांगितलं. आज १० जुलै हा देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. केजच्या कापडदुकानातला माणूस सोडा, मासे विकणाऱ्यालाही हे नाव ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. ज्या पाण्याला समुद्र माहीत नाही त्या आमच्या पाण्यात मासा पिकतो, तो या सुईच्या जोरावर.

गेल्या चैत्रात एका पहाटे मांजरेच्या पाण्यावर गेलो होतो. ज्यांच्या सोबत गेलो ते भोई मामा, घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. नाव वगैरे काही नाही, थर्माकोलचे तुकडे पोत्यात कोंबून बांधलेला चप्पू. मामा पुढे मांडी घालून, दोन हातांत दोन फळकुटं, तीच वल्ही. मी मागे. "हालू नगा सर, चप्पू कलंडतो," एवढं एकदा सांगून ते गप्प. आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं होतं. वरच्या दोरीला जुन्या चपलांचे रबरी तुकडे तरंगायला, खालच्या दोरीला वजनं. या जाळ्याची करामत साधी आहे. मासा डोकं आत घालतो, अंग जाड म्हणून पुढे जात नाही, मागे सरकायला गेला की कल्ल्यात दोरा अडकतो. जाळ्याचं घर केवढं त्यावर कुठला मासा राहील आणि कुठला सुटेल ते ठरतं.

मामांनी पहिला कटला सोडवून माझ्या हातात दिला. पाऊण किलोचा असेल. "सरावनात बोटायेवढा सोडला व्हता," ते म्हणाले. श्रावण ते चैत्र, आठ महिने! तिकडचा ट्राउट या वयात अजून नदीतल्या गोट्यांमागं लपलेला असतो.

मग रोहू आला, मग मृगळ, आणि तिघं शेजारी-शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे, जणू सतत आभाळाकडे बघतोय. तो वरच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड सरळ खाली; तळातला कुजका पाला-गाळ त्याचा. म्हणून तिघांची बोटुकली एकत्र सोडतात. माडी, मधला मजला, तळघर. तीन भाडेकरू आणि भांडण नाही. म्योसात मजले थंडीनं पाडलेत, मांजरेत भुकेनं.

जाळ्यात चौथाही एक निघाला, चिलापी. ही आफ्रिकेची पाहुणी, १९५२ मध्ये भारतात आणलेली. हिला ना पूर लागतो ना सुई. अंडी तोंडात धरून उबवते, पिलं निघाली तरी धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. न पेरता वाढते आणि पेरलेल्यांच्या ताटातलं खाते. मामांनी ती बाजूला टाकताना जो चेहरा केला, तो ज्वारीत गवत काढणाऱ्याचा असतो तसा होता. विकायला मात्र नेली.

परत येताना काठावर चारा-मका उभा दिसला, अगदी पाण्याला लागून. ही गाळपेर. धरण आटत जातं तशी उघडी पडलेली गाळाची जमीन लोक पेरतात. ना खत, ना फारसं पाणी, गाळच सगळं पुरवतो. आषाढात पाणी चढलं की ही धसकटं, शेण, मुळ्या सगळं बुडतं, कुजतं, त्यावर बारीक जीव माजतात, आणि त्यावर बोटुकली पोसते. म्हणजे त्याच वावरात उन्हाळी चारा आणि हिवाळी मासा. असा दुहेरी फेरा रांजणात होऊ शकत नाही; तिथं तळ कधी ऊन पाहत नाही. शिवाय पाणी उन्हानं तापून तीसेक अंशांचं, आणि उथळ. वर्षानुवर्षं मला वाटत होतं की आमचं पाणी म्हणजे गरिबाघरचं पाणी. त्या सकाळी मत बदललं. मासा वाढवण्याच्या कामात परात रांजणाला भारी पडते.

अर्थात मर्यादेत. हेच खत म्योसाच्या मुळावर आलं होतं. १९७० च्या दशकात शेतीचं खत, सांडपाणी, धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट जाऊन तिथं शेवाळ माजलं, पाण्याला वास सुटला. १९७६ पासून नॉर्वेनं मोहीम काढून पाच वर्षं ते निस्तरलं. मांजरेलाही याची झळ दिसते. पाणी कमी आणि शेवाळ जास्त असलं की रात्री तेच शेवाळ प्राणवायू पिऊन टाकतं, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ-आ करतात. मामा त्याला "मासा वर आला" म्हणतात आणि त्या दिवशी खूश नसतात. जाळं भरतं, पण हे पीक पिकून आलेलं नसतं, घाबरून आलेलं असतं.

बोटुकली सोडताना एकदा बघायला या, असं मामांनी सांगितलं होतं. पावसाळ्यात गेलो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाली थोडं पाणी, वर प्राणवायू फुगवून भरलेला. आत हजारो सुया चमकाव्यात तशी बोटुकली. मी म्हटलं, ओता की. मामा म्हणाले, "दमा सर." बंद पिशव्या त्यांनी तशाच धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, पंधरा-वीस मिनिटं. आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं. मग तोंड सोडून पिशवी तिरपी धरली. लगेच कुणी बाहेर पडलं नाही. मग एक गेलं, दोन गेली, आणि पिशवी रिकामी झाली.

त्यांच्यातलंच एखादं चैत्रात नांदूरघाटच्या बाजारात घमेल्यात दिसेल. घेण्याआधी तोंड तेवढं बघा: वर वळलेलं असेल तर तो माडीवरचा.